मापुचे संस्कृती आणि औषधपरंपरा शिकायला चिलीला जाताय? आधी हे वाचा

दक्षिण चिलीत सेमिस्टर करायला निघालेल्या मराठी मुलामुलींचा फोन आला की व्हिसा, स्पॅनिश, थंडी आणि शाकाहार यांच्याही आधी एक प्रश्न ठरलेला असतो: ‘माची’ला, म्हणजे तिथल्या मापुचे या आदिवासी समाजातल्या विधी करून उपचार करणाऱ्या व्यक्तीला, भेटता येईल का? येतं. पण तेमुको शहरात उतरून पहिल्याच आठवड्यात माचीचा पत्ता विचारत फिरणारे परदेशी विद्यार्थी तिथल्या लोकांनी भरपूर पाहिले आहेत. अशा पाहुण्यांना माते, म्हणजे तिथला पाल्याचा चहा, पाजून, गोड बोलून, रिकाम्या हाताने परत कसं पाठवायचं हेही त्या लोकांना नीट ठाऊक आहे.

मापुचेंचं औषध त्यांच्या जमिनीला, घराण्याला आणि भाषेला बांधलेलं आहे. ते सुटं करून शिकता येत नाही. म्हणून या लेखात औषध बऱ्याच उशिरा येतं. फार्मसी, आयुर्वेद, नर्सिंग, सार्वजनिक आरोग्य किंवा मानववंशशास्त्र यांपैकी काहीही शिकत असाल तरी पायऱ्या याच क्रमाने चढा.

मापुचे हा चिलीतला सर्वांत मोठा आदिवासी समाज. २०१७ च्या जनगणनेत सुमारे साडेसतरा लाख लोकांनी स्वतःची नोंद मापुचे म्हणून केली, म्हणजे देशातला जवळजवळ दर दहावा माणूस. त्यातले साधारण एक तृतीयांश राजधानी सांतियागोच्या परिसरात राहतात. डोंगरापलीकडे अर्जेंटिनातल्या नेउकेन, रिओ नेग्रो आणि चुबुत प्रांतांतही त्यांची वस्ती आहे.

१. गाव निवडा, मग विद्यापीठ

तेमुको ही आराउकानिया प्रदेशाची राजधानी. सांतियागोपासून दक्षिणेला पावणेसातशे किलोमीटरच्या आसपास. रात्रीच्या बसने आठ-नऊ तास. इथल्या ‘उनिवेर्सिदाद दे ला फ्रोन्तेरा’मध्ये वैद्यकशाखाही आहे आणि आदिवासी अभ्यासाची संस्थाही. ‘उनिवेर्सिदाद कातोलिका दे तेमुको’ही याच गावात. मापुचे समाज शिकायचा असेल तर माझं मत सरळ तेमुकोला. वनस्पतिशास्त्र आणि तिथली पावसाळी जंगलं हा मुख्य विषय असेल तर वाल्दिव्हियाचं ‘उनिवेर्सिदाद आउस्त्राल’ बघा.

सांतियागोला कमी लेखू नका. ला पिन्ताना, ला फ्लोरिदा, सेर्रो नाविया अशा उपनगरांत मापुचे संघटनांनी पारंपरिक रुका, म्हणजे गवताने शाकारलेली घरं, उभारली आहेत. दक्षिणेकडून येणारे माची तिथे ठरलेल्या दिवशी रुग्ण पाहतात. गाव सोडून शहरात आलेल्या माणसाची परंपरा कशी टिकते, हा प्रश्न मुंबईच्या चाळीत गावदेवीची जत्रा भरवणाऱ्यांना वेगळा समजावून सांगायला नको.

एक सापळा इथेच सांगते. ‘चिलीतील पारंपरिक औषध’ असं नाव असलेले काही अभ्यासक्रम उत्तरेच्या टोकाला, आरिकाला चालतात. तो आयमारा समाजाचा वाळवंटी प्रदेश आहे. सांतियागोहून आरिका दोन हजार किलोमीटर उत्तरेला, तेमुको पावणेसातशे किलोमीटर दक्षिणेला. अर्ज करण्याआधी नकाशा उघडा आणि मापुचे प्रदेशात प्रत्यक्ष किती आठवडे मिळणार ते लेखी विचारा.

२. कागदपत्रं

चिलीचं शैक्षणिक वर्ष मार्चमध्ये सुरू होतं. पहिलं सेमिस्टर मार्च ते जुलै, दुसरं ऑगस्ट ते डिसेंबर. आपल्या जून-जुलैच्या हिशोबाने तयारीला लागलात तर उशीर झालेला असेल.

नव्वद दिवसांपेक्षा जास्त राहायचं असेल तर विद्यार्थ्यांचा तात्पुरता रहिवास घ्यावा लागतो. २०२२ पासून नवा स्थलांतर कायदा लागू आहे आणि त्याचा अर्ज देशाबाहेरूनच, म्हणजे भारतात असतानाच, चिलीच्या स्थलांतर सेवेच्या पोर्टलवर करायचा असतो. ‘पर्यटक म्हणून जाऊ, मग तिकडे बदलून घेऊ’ हा जुना सल्ला अजून फिरतो. त्यावर विसंबू नका. हाताशी ठेवायची कागदपत्रं अशी:

– पासपोर्ट, मुक्काम संपल्यानंतरही काही महिने वैध असलेला
– विद्यापीठाचं प्रवेशपत्र, त्यावर सुरुवातीची आणि शेवटची तारीख स्पष्ट
– पासपोर्ट सेवा केंद्रातून काढलेलं पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट
– खर्चाची सोय दाखवणारं बँकेचं पत्र किंवा शिष्यवृत्तीचं पत्र
– गुणपत्रिका आणि पदवी प्रमाणपत्र
– जन्मदाखला, तो फक्त मराठीत असेल तर अधिकृत भाषांतरासह
– आरोग्य विमा

भारत आणि चिली दोन्ही देश अपोस्टील करारात आहेत. त्यामुळे दूतावासाच्या शिक्क्यांच्या जुन्या फेऱ्या वाचतात. मात्र शैक्षणिक कागदांना आधी राज्य पातळीवरची साक्षांकनं लागतात आणि मग परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टील. या क्रमाला वेळ द्या. पोर्टलवरची यादी अर्ज भरायच्या दिवशी पुन्हा एकदा वाचा, कारण ती बदलत राहते.

पोहोचल्यावर तीस दिवसांच्या आत तपास पोलिसांकडे, म्हणजे ‘पे-दे-ई’कडे, व्हिसाची नोंद आणि नागरी नोंदणी कार्यालयात ओळखपत्राचा अर्ज ही दोन कामं उरकायची. त्या ओळखपत्राला ‘सेदुला’ म्हणतात. बँक खातं, मोबाइलचा करार, सगळं त्या नंबरवर अडतं.

३. बॅगेतलं लोणचं आणि रुद्राक्षाची माळ

चिलीच्या विमानतळावरची कृषी तपासणी अतिशय कडक आहे. ‘साग’ या खात्याची माणसं आणि कुत्री प्रत्येक बॅग हुंगतात. बिया, सुकी पानं, मध, दुग्धजन्य पदार्थ, लाकडी वस्तू यांतलं काहीही असेल तर अर्जावर ‘हो’ म्हणून जाहीर करायचं. जाहीर केलेली वस्तू फार तर काढून घेतील. लपवलेली सापडली तर दंड होतो. तुळशीच्या बिया, कढीपत्ता, घरचं तूप, रुद्राक्ष घरीच ठेवा. गोडा मसाला आणि मेतकूट पूर्ण दळलेलं, कारखान्यात सीलबंद केलेलं असेल तर जाहीर करून न्या.

जून ते ऑगस्ट तेमुकोत हिवाळा. पाऊस सतत, घरं लाकडाच्या शेगडीवर तापवलेली, आणि त्या धुराने शहराची हवा कोंडलेली. दम्याचा त्रास असेल तर डॉक्टरांशी बोलूनच सेमिस्टर निवडा. रबरी गमबूट मात्र इथून नेऊ नका, तिथल्या बाजारात स्वस्त मिळतात आणि गावात त्यांच्यावाचून पाऊल टाकता येत नाही.

४. भाषा: स्पॅनिश पोट भरायला, मापुदुंगुन दार उघडायला

स्पॅनिश निदान गप्पा मारण्याइतकी यायलाच हवी. पुण्या-मुंबईत वर्ग भरपूर आहेत, पण तिथे शिकवलेली स्पॅनिश आणि चिलीतली बोली यांत अंतर आहे. चिलीची माणसं शब्दाच्या शेवटचा ‘स’ गिळतात आणि फार वेगाने बोलतात. जाण्याआधी दोन-तीन महिने चिलीचा रेडिओ ऐकत राहा.

मापुदुंगुन शिकवणारे छोटे वर्ग तेमुको आणि सांतियागोत चालतात. व्याकरण आपल्याला घाबरवत नाही: शाळेत संस्कृतचं द्विवचन घोकलेल्याला तिथलं द्विवचन ओळखीचंच वाटेल. उच्चारांतही एक फायदा आहे. ‘ङ’ने सुरू होणारे शब्द त्यांच्याकडे भरपूर आहेत, आणि आपण तो वर्ण बाराखडीत म्हणून सोडून दिलेला असतो. एक स्वर मात्र घोटावा लागतो, ओठ गोल न करता म्हटलेला ‘उ’.

निदान एवढं पाठ हवं. भेटल्यावर ‘मारी मारी’. पुरुषाने पुरुषाला ‘पेन्यी’ म्हणायचं आणि बाईला ‘लाम्ङेन’. बाईने मात्र दोघांनाही ‘लाम्ङेन’. वयस्कर बाईला ‘पापाय’, वयस्कर पुरुषाला ‘चाचाय’. आभार मानायला ‘चाल्तु माय’. मुली ऐकीव शिकून पुरुषांना ‘पेन्यी’ म्हणून मोकळ्या होतात आणि सगळी पंगत हसते. हसणं प्रेमाचं असतं, पण टाळता येतं.

ग्रंथालयात शोध घेताना लक्षात ठेवा की या भाषेच्या रोमन लेखनाच्या तीन पद्धती चालतात: उनिफिकादो, रागिलेओ आणि आसुमचेफे. एकच शब्द तीन स्पेलिंगांत सापडतो. एका स्पेलिंगने शोधून ‘काही साहित्यच नाही’ असं ठरवू नका.

काही शब्द तोंडातून जाता कामा नयेत. माचीला स्पॅनिशमध्ये ‘ब्रुखा’, म्हणजे चेटकीण, म्हणणं ही शिवी आहे. ‘इंदिओ’ हाही अपमान. जुन्या पुस्तकांतलं ‘आराउकानो’ हे वसाहतकाळातलं नाव लोकांना आवडत नाही.

५. इतिहास: एवढा तरी वाचून जा

स्पॅनिश सैन्याला बिओबिओ नदीच्या दक्षिणेला मापुचेंवर कायमची सत्ता बसवता आली नाही. १६४१ साली किलीन इथे तह झाला आणि स्पेनच्या राजसत्तेने ती नदी सीमा म्हणून मान्य केली. ही जमीन गेली ती स्पेनमुळे नव्हे, स्वतंत्र चिलीच्या लष्करामुळे, १८६१ ते १८८३ या काळात. तेमुको हे शहरच १८८१ मध्ये त्या मोहिमेतला किल्ला म्हणून उभं राहिलं. नंतर, १८८४ ते १९२९ दरम्यान, मापुचे कुटुंबांना सरकारी पट्ट्यांनी साधारण पाच लाख हेक्टर एवढीच जमीन परत मिळाली. बाकीची वसाहतवाल्यांकडे आणि मोठ्या जमीनदारांकडे गेली.

औषध शिकायला आलेल्याला याच्याशी काय करायचंय? खूप काही. १९७४ च्या सरकारी अनुदानानंतर या टेकड्यांवर पाइन आणि निलगिरीची लागवड पसरली. मापुचेंच्या औषधी वनस्पती मूळ जंगलात आणि ‘मेनोको’ नावाच्या पाणथळ जागी वाढतात. जंगल तोडलं, झरे आटले की औषधही संपतं. गावात कुणीही वनस्पतींबद्दल बोलायला लागलं की दुसऱ्या वाक्यात पाणी येतं आणि तिसऱ्यात कंपनी. त्या बोलण्याला विषयांतर समजून वही मिटू नका, विषय तोच आहे.

जमिनीचा हा वाद आजही पेटता आहे. लाकूड वाहणाऱ्या ट्रकांची जाळपोळ, पोलीस कारवाया, खटले, उपोषणं हे सगळं बातम्यांत दिसेल. मे २०२२ मध्ये आराउकानिया आणि शेजारच्या भागात आणीबाणी लावून लष्कर रस्त्यांवर आणलं गेलं आणि नंतर तिची मुदत पुन्हा पुन्हा वाढवली गेली. घाबरून बसायचं कारण नाही, पण काही पथ्यं पाळा. सेदुला कायम जवळ ठेवा. एर्सिया, कोयिपुयी, तिरुआ या बाजूंना स्थानिक ओळखीशिवाय जाऊ नका. नाक्यावरच्या पोलिसांचे फोटो काढू नका. आणि कुणाच्या घरी पहिल्याच भेटीत ‘तुमचं या सगळ्याबद्दल मत काय?’ असं विचारू नका; दोन्ही बाजूंची माणसं एकाच जेवणाच्या टेबलावर असू शकतात.

६. पहिला महिना: फिरा, खा, ऐका

तेमुकोतलं आराउकानिया प्रादेशिक संग्रहालय आधी बघा. मग फेरिया पिंतो, शहराचा मोठा भाजीबाजार. गावांतून आलेल्या बायका इथे भाज्या, मोते म्हणजे सोललेला शिजवलेला गहू, समुद्रशेवाळ, पिन्योन म्हणजे आराउकारिया झाडाच्या बिया आणि औषधी पाल्याच्या जुड्या विकतात. ‘हे कशासाठी?’ हा प्रश्न इथे विचारायला पूर्ण मोकळीक आहे, फक्त आधी काहीतरी विकत घ्या. समुद्राच्या बाजूला कान्येतेमध्येही एक चांगलं मापुचे संग्रहालय आहे.

खाण्यात आपली सोय बरी होते. मेर्केन हा धुरावलेल्या लाल मिरचीचा आणि धण्यांचा मसाला मराठी जिभेला लगेच ओळख देतो. कातुतो, म्हणजे शिजवून वाटलेल्या गव्हाच्या वड्या, मधाबरोबर किंवा मेर्केनबरोबर खातात. मुदाय हे गव्हाचं किंवा पिन्योनचं किंचित आंबवलेलं पेय.

शाकाहारी असाल तर यजमानांना दोन-तीन दिवस आधी सांगा, दारात उभं राहून नव्हे. सोपाइपिया ही तळलेली पुरी दिसायला निरुपद्रवी, पण पिठात किंवा कढईत अनेकदा चरबी असते. समारंभाला मेंढी कापली जाते आणि ताज्या रक्ताचा न्याची नावाचा पदार्थ पाहुण्याला मानाने देतात. ‘आमच्या घरी खात नाहीत’ एवढं सांगितलं तर कुणी वाईट मानत नाही. नाक मुरडलंत तर मानतात.

महिनाअखेरीस एखाद्या गावात मुक्कामाला जा. बुदी सरोवराकाठी यागेपुयीसारख्या वस्त्या स्वतःच पाहुण्यांची सोय चालवतात. पर्वताच्या बाजूला कुरार्रेउए आहे. पैसे देऊन राहण्यात कमीपणा नाही. उलट हा व्यवहार स्वच्छ असतो आणि ओळखीची सुरुवात होते.

७. ओळख करून देणं

सगळ्यात जास्त तयारी या पायरीची करा.

मापुचे रिवाजात पाहुणा आला की ‘पेन्तुकुन’ होतं. म्हणजे लांबलचक विचारपूस: घरचे कसे आहेत, वाटेत काय पाहिलं, गावाकडे पाऊस कसा आहे, कुणी आजारी आहे का. कामाचं बोलणं त्यानंतर. स्वतःची ओळख दोन गोष्टींनी द्यायची असते: तुमची भूमी कोणती आणि तुमचं घराणं कोणतं, आईकडूनही आणि वडिलांकडूनही. पहिल्याला ‘तुवुन’ म्हणतात, दुसऱ्याला ‘कुपाल्मे’.

युरोप-अमेरिकेतून आलेले विद्यार्थी इथे अडखळतात. विद्यापीठाचं नाव आणि विषय सांगून ते थांबतात. ‘कुठले तुम्ही? मूळ गाव कोणतं? आजोळ कुठलं?’ ऐकत मोठे झालेल्या आपल्याला हे हातखंडा जमायला हवं, पण आपणही परदेशात गेल्यावर ‘आय ॲम फ्रॉम इंडिया’ एवढ्यावर येऊन थांबतो. तसं करू नका. गाव सांगा, नदी सांगा, शेतात काय पिकतं ते सांगा, आई कुठल्या गावची ते सांगा. सांगोल्याचं डाळिंब आणि दुष्काळ किंवा चिपळूणची वाशिष्ठी आणि पूर या गोष्टी त्यांना तुमच्या पदवीपेक्षा जास्त कळतात आणि जास्त आवडतात. घरच्यांचे आणि शेताचे चार फोटो मोबाइलमध्ये ठेवा. स्पॅनिशमध्ये ही ओळख लिहून काढा आणि कुणाकडून तरी तपासून घ्या.

रिकाम्या हाताने जायचं नाही. येर्बा माते, साखर, पाव, फळं चालतात. मातेचं भांडं एकच असतं आणि ते हातोहात फिरतं. तुमची पाळी आली की ते संपवून वाढणाऱ्याला परत द्यायचं. ‘ग्रासियास’ म्हटलंत तर ‘मला आता पुरे’ असा अर्थ होतो, त्यामुळे हवं असेल तर गप्प राहून भांडं परत करा.

गावाचा एकक म्हणजे ‘लोफ’, त्याचा प्रमुख ‘लोंको’, निरोप नेणारा आणि बाहेरच्यांशी बोलणारा ‘वेर्केन’. एखाद्या कुटुंबाशी मैत्री झाली तरी गावात काही काम करायचं असेल तर लोंकोच्या कानावर घालावं लागतं. कुटुंबच तुम्हाला नेईल. तुम्ही परस्पर जाऊ नका.

८. औषधाची माणसं आणि औषधाची झाडं

आता औषध. मापुचे समाजात उपचार करणारी माणसं एकच नाहीत आणि परदेशी विद्यार्थी सगळ्यांनाच माची समजतात. पाल्याचं ज्ञान असलेली ती ‘लावेनतुचेफे’. ‘लावेन’ म्हणजे औषध. हाडं बसवणारा ‘ङुतामचेफे’. बाळंतपण करणारी ‘पुन्येन्येल्चेफे’. सुरुवात करायची असेल तर लावेनतुचेफेपासून करा, तिथे शिकण्यासारखं अमाप आहे आणि दार लवकर उघडतं.

माची ही त्याहून वेगळी. बहुतेक बायका असतात, पुरुषही असतात. माची कुणी हौसेने होत नाही. स्वप्नांतून, म्हणजे ‘पेव्मा’तून, आणि सहसा दीर्घ आजारातून बोलावणं येतं, आणि मग जाणत्या माचीकडे वर्षानुवर्षं शिकावं लागतं. घरासमोर ‘रेवे’ असतो, पायऱ्या कोरलेला पवित्र खांब. हातात ‘कुल्त्रुन’ हा ढोल, त्याच्या कातड्यावर चार भागांत विभागलेलं विश्व. आजार ओळखण्यासाठी माची रुग्णाची सकाळची लघवी किंवा अंगातला कपडा पाहतात. आजाराचं कारण शरीरात असू शकतं, नात्यांत असू शकतं, किंवा ‘याफ्कान’मध्ये, म्हणजे कुठेतरी मर्यादा ओलांडली गेल्यात. परवानगी न मागता मेनोकोत शिरणं ही अशीच मर्यादा. प्रत्येक झऱ्याला, टेकडीला, जंगलाला ‘ङेन’ म्हणजे राखणदार असतो. पाला तोडण्याआधी त्याला विचारायचं, कशासाठी हवं ते सांगायचं, काहीतरी ठेवायचं आणि लागेल तेवढंच घ्यायचं. कोकणातल्या वाचकाला राखणदार समजावून सांगायची गरज नाही. फक्त ‘म्हणजे आमच्यासारखंच!’ असं पहिल्याच भेटीत ओरडू नका. ऐकून घ्या.

वनस्पतींतल्या या काही आधी ओळखा. ‘फोये’, स्पॅनिशमध्ये कानेलो, हे सगळ्यात पवित्र झाड. रेवेजवळ त्याच्या फांद्या असतात. त्याच्या सालीचा उपयोग १५७८ मध्ये इंग्रज दर्यावर्दी ड्रेकच्या मोहिमेतल्या कॅप्टन विंटरने खलाशांच्या स्कर्व्हीवर केला, आणि शास्त्रीय नावात, ‘ड्रिमिस विंटेराय’मध्ये, तोच राहिला. ज्यांनी ते झाड आधीपासून जपलं त्यांचं नाव कुठेच नाही. ‘बोल्दो’ची पानं जेवणानंतर पचनासाठी उकळून पितात, चिलीतल्या कुठल्याही किराणा दुकानात मिळतात. ‘मातिको’ जखमा धुवायला. ‘नात्रे’ तापावर, आणि चव इतकी कडू की काडेचिराईत आठवावं.

‘कियाय’ हे मध्य चिलीतलं झाड पुणेकरांनी विशेष लक्षात ठेवावं. त्याच्या सालीचा फेस होतो, लोक ती धुण्यासाठी वापरत आले. त्याच सालीतल्या सॅपोनिनपासून ‘मॅट्रिक्स-एम’ हा लशीचा परिणाम वाढवणारा घटक बनतो, आणि पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची कोव्होव्हॅक्स आणि आर-२१ मलेरिया लस यांत तो आहे.

धोक्याचंही सांगते. जंगलात स्वतःच्या मनाने काही तोडून तोंडात घालू नका. वाल्दिव्हियाकडच्या किनारी डोंगरांत ‘लातुए’ नावाचं झुडूप आहे, आपल्या धोतऱ्याच्या कुळातलं आणि तितकंच विषारी. साधा बोल्दोही गरोदरपणात, पित्तनलिकेच्या अडथळ्यात किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असताना घेऊ नये. नियमित औषधं घेत असाल तर लावेन देणाऱ्यालाही ते सांगा आणि आपल्या डॉक्टरलाही.

९. माचीकडे जाताना

आधी इस्पितळं पाहा. तेमुकोजवळचं माकेवे इस्पितळ १९९९ पासून तिथली आदिवासी संघटना चालवते. नुएवा इंपेरिआलच्या इस्पितळातही मापुचे औषधाची स्वतंत्र सोय आहे. २०१२ च्या रुग्णहक्क कायद्याने आदिवासी वस्तीच्या भागांतल्या सरकारी आरोग्यसंस्थांना आंतरसांस्कृतिक सेवा देणं बंधनकारक केलं. त्यामुळे अनेक ठिकाणी मापुदुंगुन बोलणारे मध्यस्थ बसलेले दिसतात. विद्यापीठाकडून पत्र घेऊन या मध्यस्थांशी बोला. डॉक्टर आणि माची यांच्यात रुग्ण कसा ये-जा करतो, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत नाही.

माचीकडे जायचं असेल तर ओळखीच्या कुटुंबाबरोबर, वेळ ठरवून, आणि खरोखर काही दुखत असेल तर रुग्ण म्हणून. ‘नुसतं बघायला’ आलेल्याला बघू देतीलच असं नाही. तिथे सकाळपासून दुरून आलेली आजारी माणसं रांगेत असतात. वेळ खाणारा अभ्यासक त्यांना नको असतो. उपचाराचे पैसे द्यायचे असतात, किती ते आधी त्या कुटुंबाला विचारून ठेवा. फोन बंद. रेवेला हात लावायचा नाही, कुल्त्रुनला तर नाहीच. औषध दिलं तर पथ्यही देतील. ते पाळणार नसाल तर औषध घेऊच नका.

एजंटांपासून सावध. ‘अस्सल माची विधी, फोटोसह’ अशी जाहिरात दिसली की पुढे सरका.

१०. समारंभ

मार्चच्या सेमिस्टरला गेलात तर जूनमधलं ‘वे त्रिपान्तु’ मिळेल, दक्षिण गोलार्धातल्या सर्वांत लांब रात्रीनंतरचं नवं वर्ष. २०२१ पासून जूनमधल्या या सर्वांत लहान दिवशी आदिवासी समाजांच्या नावाने राष्ट्रीय सुट्टी असते. शाळा, विद्यापीठं, गावं सगळीकडे कार्यक्रम होतात आणि पाहुण्यांना सहज बोलावतात. रात्रभर चुलीभोवती गोष्टी, पहाटे थंड पाण्याने अंग धुणं, मग नाच आणि जेवण. गरम कपड्यांचे थर घाला.

‘ङिल्यातुन’ हे संपूर्ण गावाचं प्रार्थनेचं अनुष्ठान, ते वेगळं. बोलावणं आलं तरच जायचं. फोटो, व्हिडिओ, आवाजाचं रेकॉर्डिंग सगळं वर्ज्य. वही काढून लिहीत बसणंही बरं दिसत नाही. नाचायला ओढलं तर नाचा, कुठे उभं राहायचं ते विचारून. आजाऱ्यासाठी केलेलं ‘माचितुन’ तर त्या घरची खासगी गोष्ट. त्याची परवानगी मागूच नये.

११. प्रबंध लिहायचा असेल तर

विद्यापीठाच्या नीतिमत्ता समितीची मंजुरी लागते आणि तिला महिने लागतात. चिलीने आदिवासी हक्कांचा १६९ क्रमांकाचा आंतरराष्ट्रीय करार २००८ मध्ये स्वीकारला. त्यामुळे समित्या सामूहिक संमतीबद्दल काटेकोर असतात. प्रत्येक मुलाखतीची संमती वेगळी, आणि गावाची वेगळी.

कृती आणि प्रमाणं विचारू नका. कोणता पाला किती घ्यायचा, कशात मिसळायचा, हे सांगायला लोक नकार देतात आणि त्याचं कारण आपल्याला पटायला हवं. १९९५ मध्ये हळदीने जखम भरते या ‘शोधा’वर अमेरिकेत पेटंट दिलं गेलं. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआर या भारताच्या संशोधन परिषदेने जुने ग्रंथ पुढे ठेवून लढा दिला, आणि १९९७ मध्ये ते रद्द झालं. आपल्याकडे दाखवायला ग्रंथ होते. मापुचेंचं ज्ञान मुख्यतः तोंडी चालत आलंय, म्हणून त्यांचं सांभाळणं आणखी कडक. हा हळदीचा किस्सा तिथे सांगून बघा. ‘भारतातून आलेली मुलगी’ या ओळखीपेक्षा तो जास्त उपयोगी पडतो.

विचारण्यासारखं बाकी पुष्कळ आहे: आजारी पडल्यावर आधी कुठे जाता आणि का, दवाखान्यात कशी वागणूक मिळते, पाला आता किती लांबून आणावा लागतो, मुलं शिकतायत का. यावर चांगला प्रबंध होतो.

१२. परत येताना

लिहिलेलं सगळं स्पॅनिशमध्ये करून, छापून, ज्यांनी वेळ दिला त्यांना नेऊन द्या. फाइल पाठवणं पुरेसं नाही, गावात नेटवर्क जेमतेम असतं. वाचून दाखवायची तयारी ठेवा आणि कुणी एखादा परिच्छेद काढा म्हटलं तर काढा.

आठवण म्हणून पिन्योन आणायचा मोह होईल. पेउएन, म्हणजे आराउकारिया, हे झाड आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कडक बंदीच्या यादीत आहे आणि बियाही त्यात येतात, त्यामुळे बॅगेत टाकू नका. तिथला सुका पाला, साली, बिया भारताच्या विमानतळावर वनस्पती-विलगीकरणाच्या नियमात अडकतात. विणलेला पट्टा किंवा शाल थेट विणणारीकडून घ्या, किंमत पाडू नका, एक शाल विणायला आठवडे जातात. आणि मेर्केनची सीलबंद पाकिटं जरा जास्त घ्या. घरी भाकरीबरोबर काढलंत की पहिलं पाकीट दोन दिवसांत संपतं.